शनिवार-रविवार, आठ मैत्रिणी आणि एक वही : हस्तकलेची सहल कशी जमवावी

आमच्या पहिल्या सहलीचं सामान एका गाडीच्या डिकीत मावलं नव्हतं. मॅक्रमेची (गाठी मारून वस्तू करायची) दोरी, क्विलिंगच्या (गुंडाळून नक्षी करायच्या) कागदी पट्ट्या, वारलीसाठी गेरू, पाच किलो माती, आणि वर एकीने हौसेनं आणलेलं शिवणयंत्र, जे दोन दिवसांत झाकणातून बाहेर आलंच नाही. दोन दिवसांत चार कला शिकायच्या असा बेत होता. रविवारी परत निघताना आठ जणींच्या पिशव्यांत मिळून बत्तीस अर्धवट वस्तू होत्या. त्यातली एकही पुढे पूर्ण झाली नाही. माझं मॅक्रमेचं घुबड अजून कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. एकाच डोळ्याचं.

त्यानंतर आम्ही दर हिवाळ्यात जातो आणि आता एक घडी बसली आहे. ओळखीपाळखीतून 'आम्हालाही असं करायचंय, काय काय लागतं?' असं विचारणारे फोन येतात. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून टाकते. मी पुण्याची, त्यामुळे दुकानं आणि रस्ते पुण्याचे येतील. तुम्ही तुमच्या गावचे घाला.

१. आधी रविवारची दुपार ठरवा

बहुतेक जणी सुरुवात जागा शोधण्यापासून करतात. तसं करू नका. रविवारी दुपारी बारा वाजता प्रत्येकीच्या हातात काय असेल, ते आधी एका वाक्यात लिहा. आमचं वाक्य असं असतं : 'स्वतः चितारलेल्या कापडाचं कव्हर असलेली एक वही.' वाक्यात दुसरी वस्तू घुसली की बेत फसला समजा.

वहीच का? कारण शनिवारचं कापड रविवारी वापरलं जातं, मधल्या रात्री वाळायला वेळ मिळतो, यंत्र लागत नाही, भट्टी लागत नाही आणि वही घरी गेल्यावर खरंच वापरात येते. तुम्ही दुसरं काही निवडलंत तर हीच चाळणी लावा. मातीकाम मला कितीही आवडत असलं तरी दोन दिवसांसाठी ते नको. भांडं नीट वाळायलाच कित्येक दिवस जातात आणि न भाजलेली माती खंबाटकी घाटातले धक्के सोसत नाही. क्रोशेचं तसंच. नवशिकीला दोन दिवसांत साखळी आणि खांब हे टाके जमतात, पण हातात वस्तू येत नाही.

२. जागा : फोनवर काय विचारायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला काळ. पावसाळ्यात फोटो सुंदर येतात, पण कापड वाळत नाही, कागद मऊ पडतो आणि खळ दोन दिवस ओलीच राहते. एप्रिल-मेमध्ये अकरानंतर अंगणात बसवत नाही.

आम्ही वाईच्या पुढे, धोमच्या बाजूला एका घरगुती होमस्टेमध्ये जातो. जागा ठरवताना खोल्यांचे फोटो बघून काही कळत नाही. फोन करून पुढचं विचारा.

रविवारी खोल्या किती वाजता सोडायच्या? यात आम्ही चांगल्याच अडकलो होतो. सकाळी दहाला खोल्या रिकाम्या करायच्या हे आम्हाला रविवारी सकाळी नऊला कळलं. सुई-दोरा हातात, कागद अंथरलेले आणि मागे झाडू घेऊन उभा असलेला मुलगा. आता मी बुकिंगच्या वेळीच दुपारी तीनपर्यंतची वेळ मागून घेते, लागले तर जास्तीचे पैसे कबूल करते आणि ते संदेशात लेखी घेते. निदान ओसरी तरी वापरू द्या, इतकं तरी पदरात पाडून घ्या.

आठ जणी मांडी घालून किंवा टेबलाशी बसतील अशी एकच सावलीची जागा आहे का? ओसरी, पडवी, गच्चीवरचा मांडव, काहीही चालेल. दोन जागी विभागून बसलात की शिकवणारीचे पाय दुखतात आणि गप्पांचेही दोन तट पडतात.

पाणी कुठलं? बोअरच्या पाण्यात लोह असेल तर पुढचं रंगाचं काम मळकट होतं. बादलीत, बेसिनवर तांबूस डाग दिसतात का, असं मालकांना सरळ विचारा. शंका असेल तर वीस लिटरचे दोन जार मागवून घ्या.

संध्याकाळी वीज जाते का, आणि ट्यूबलाइट आहेत की नुसते पिवळे मंद दिवे? चाळिशी ओलांडलेल्या आठ बायका मंद दिव्यात सुईत दोरा ओवताना मी पाहिल्या आहेत. तो प्रसंग परत नको.

फरशी कसली आहे? हा प्रश्न हिराकसासाठी, म्हणजे रंगकामातल्या, डाग पाडणाऱ्या लोहाच्या क्षारासाठी. त्याबद्दल पुढे.

कागदपत्रं फारशी नाहीत : प्रत्येकीच्या आधार कार्डाची प्रत (बहुतेक ठिकाणी मागतातच), आगाऊ रक्कम भरल्याची पावती आणि रद्द करण्याच्या अटी. तिसरी गोष्ट कोणी वाचत नाही. ऐन वेळी एकीच्या सासऱ्यांना बरं नसतं, दुसरीच्या मुलाची परीक्षा पुढे जाते. गळणारीचे पैसे परत द्यायचे की नाहीत, हे आपसातही आधीच बोलून घ्या. मैत्री आणि हिशेब यांच्यात ही एकच फट असते.

३. किती जणी, आणि शिकवणार कोण

एका शिकवणारीमागे सहा ते आठ. दहाच्या वर गेलात तर पहिलीची गाठ बघून होईपर्यंत शेवटची फोन बघत बसते.

शिकवणारी सगळ्यात तरबेज असलीच पाहिजे असं नाही. आमच्यात एक आहे, तिच्या हातच्या वह्या दुकानात ठेवाव्या अशा. पण शिकवायला बसली की 'अगं, असं, असं आणि असं' म्हणत वही बांधून मोकळी. बघणारीला काही उमजत नाही. त्याउलट बँकेत असणारी आमची मैत्रीण हे काम नुकतीच शिकली होती. आपण स्वतः कुठे चुकलो ते तिला लख्ख आठवत होतं. तिनं शिकवलेली वही सगळ्यांना जमली.

शिकवणारीनं आधी एक रंगीत तालीम करावी. घरातल्या कुणाला तरी, भाचीला, शेजारच्या काकूंना, समोर बसवून पहिल्यापासून शिकवावं आणि घड्याळ लावावं. तुम्हाला जे काम वीस मिनिटांत होतं त्याला नवशिकीला एक तास लागतो, असा माझा ठोकताळा आहे. वेळापत्रक त्या एका तासाच्या हिशेबानं करा.

४. सामान

हे आठ जणींच्या आठ वह्यांचं. प्रत्येक गोष्ट दहांच्या हिशेबानं घ्या. कापड कुणाकडून तरी वाकडं कापलं जातंच.

कापडासाठी : मांजरपाट (कोरं सुती कापड) दोन मीटर, हिरड्याची पूड ६० ते ७० ग्रॅम, धुण्याचा सोडा, हिराकस ५० ग्रॅम, चिंचोक्याची पूड किंवा डिंकाची पूड, जुने ब्रश आणि बांबूच्या काड्या, रबरी हातमोजे, काचेच्या दोन-तीन जुन्या बरण्या.

वहीसाठी : ए-फोर कागद ८० ते १०० (एका वहीला आठ), पातळ पुठ्ठा किंवा जाड कार्डशीट, मैदा, मोठ्या भोकाच्या पण बोथट नसलेल्या सुया, जाड सुती दोरा, मेणबत्ती, एक-दोन आऱ्या (चांभाराकडे असते ती), स्टीलच्या पट्ट्या, कटर, खाली घ्यायला जुनं पुठ्ठ्याचं खोकं, स्टीलचे चमचे.

सगळ्यांसाठी : जुनी वर्तमानपत्रं भरपूर, प्लॅस्टिकचा मोठा कागद, कपडे वाळत घालायची दोरी आणि चिमटे, सुईत दोरा ओवायची तार, जवळचा जास्तीचा चष्मा, चिकटपट्टी, हळद आणि पट्ट्या असलेली प्रथमोपचाराची पेटी. कटर आहे म्हणजे बोट कापणार, धरून चला.

हिरडा काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. 'पोटासाठी का?' असं विचारतील, हो म्हणा, नाहीतर पंधरा मिनिटं समजावत बसावं लागतं. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. ते खतं-औषधं विकणाऱ्या कृषी सेवा केंद्रात मिळतं, कारण पिकाला लोह कमी पडलं की शेतकरी तेच देतात. खडे फिकट हिरवे हवेत. तपकिरी पडलेले असले तर माल जुना आहे. कागद-पुठ्ठा आम्ही अप्पा बळवंत चौकातून घेतो. एखाद्या वर्षी हात सैल सोडायचा असेल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून मधली काही पानं आणतो. मुंबईकरांना मांजरपाटासाठी मंगलदास मार्केट आहेच.

खरेदी एकीनंच करावी. 'तू सुया आण, तू दोरा आण' असं वाटून दिलं त्या वर्षी आमच्याकडे चार जणींनी आणलेल्या कात्र्या होत्या आणि दोरा नव्हता.

५. घरून करून न्यायचं काम

नव्या मांजरपाटाला खळ आणि सुताचं तेलकटपण असतं. ते काढलं नाही तर रंग चट्ट्याचट्ट्यानं बसतो. कापडाचे ४० बाय ५० सेंटिमीटरचे तुकडे करा. मोठ्या पातेल्यात पाणी, दोन चमचे धुण्याचा सोडा, आणि मंद आचेवर तासभर उकळू द्या. पाणी चहासारखं होतं. ते बघून 'हे आपण अंगावर घालतो?' असं प्रत्येकीला वाटतं. स्वच्छ धुवा.

आता हिरडा. दहा तुकड्यांचं वजन साधारण तीनशे ग्रॅम भरतं. कापडाच्या वजनाच्या एक पंचमांश, म्हणजे ६० ग्रॅम पूड तीन-चार लिटर कोमट पाण्यात कालवा, गाळून घ्या, त्यात कापड तासभर बुडवून ठेवा, मधूनमधून हलवा. मग पिळा. धुवायचं नाही! इथे सगळ्यांचा हात सवयीनं नळाकडे जातो. धुतलं तर हिरड्याचा तुरटपणा वाहून जातो आणि पुढचं काही होत नाही. चादरीवर सपाट पसरून वाळवा. दोरीवर टाकलंत तर घडीच्या जागी गडद रेघ उमटते.

वाळलेलं कापड फिकट पिवळट, पाटवड्यांच्या पिठाच्या रंगाचं दिसतं. ते वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. त्यावर पाण्याचे शिंतोडे उडू देऊ नका आणि लोखंडी टाचण्या मुळीच लावू नका. का, ते शनिवारी दिसेल.

दोन-तीन वर्षं आम्ही हा सगळा उद्योग तिथेच करायचो. चुली, पातेली, रंगासाठी कांद्याची सालं, मंजिष्ठ, मोठा थाट. एकदा होमस्टेच्या स्वयंपाकघरातलं चांगलं मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं आम्ही तुरटी-हिराकस घालून वापरलं. रंग भलताच आला आणि पातेलं पुन्हा भाताला वापरण्याजोगं राहिलं नाही. भरून दिलं, पण त्या काकूंचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून उकळण्याचं सगळं काम घरी, आणि तेही फक्त रंगासाठी बाजूला काढलेल्या स्टीलच्या पातेल्यात. रंगाचं पातेलं परत ओट्यावर येत नाही, हा नियम घरातही पाळा.

६. शनिवार दुपार : हिराकसाची रेघ

शुक्रवारी रात्री निघालात तर उत्तम. शनिवारी सकाळी सातारा रस्त्यावर सगळं पुणं असतं. आम्ही शनिवारची सकाळ पोहोचणं, नाश्ता, खोल्यांवरून भांडणं यात घालवतो आणि काम जेवणानंतर तीनला सुरू करतो.

पावशेर पाण्यात एक लहान चमचा हिराकस विरघळवा. त्यात चिंचोक्याच्या (किंवा डिंकाच्या) पुडीची खळ थोडी थोडी घालत रेघ फुटणार नाही इतकं दाट करा. टाकाऊ तुकड्यावर काडीनं रेघ ओढून बघा. टोकं पसरली तर अजून खळ हवी. बरणीवर ठळक अक्षरात 'हिराकस : खायचं नाही' असं लिहा आणि मुलं बरोबर असतील तर बरणी त्यांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

खाली प्लॅस्टिक, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर कापड. हातमोजे. आणि सगळ्यांना जवळ बोलवा, कारण हे एकदा एकत्र बघायचं असतं. बरणीतलं पाणी जवळजवळ रंगहीन असतं. काडी बुडवून त्या पिवळट कापडावर रेघ ओढली की पहिल्या क्षणी ती नुसती ओली दिसते. मग करडी होते. मान वर करून काही बोलेपर्यंत काळी झालेली असते, शाईसारखी काळी. हिरड्यातला तुरटपणा, म्हणजे टॅनिन, आणि हिराकसातलं लोह एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. जुनी शाई याच तत्त्वावर व्हायची. आंध्रातल्या कलमकारीतली काळी रेघही अशीच उमटते, फक्त तिथे लोखंडाचा गंज गुळाच्या पाण्यात आंबवून घेतात. पहिल्यांदा बघणारी प्रत्येक बाई इथे एकदा तरी 'अय्या' म्हणते. रसायनशास्त्राची पदवी घेतलेलीसुद्धा.

शिकवणारीनं इथे दोनच गोष्टी सांगाव्या. एक, खोडता येत नाही. दोन, चित्रकला येत नसेल तरी चालतं. नुसत्या रेघा, ठिपके, रांगोळीचे जोड, दारातली तोरणं, आपल्याच अक्षरातला एखादा शब्द, यांनी कापड भरतं. जिला 'मला काही येत नाही' म्हणायची सवय आहे तिच्या हातात काडी देऊन तिला चुकायला एक वेगळा तुकडा द्या. पाच मिनिटांत ती त्यावरच रमते आणि बहुतेक वेळा तोच तुकडा पुढे कव्हर होतो.

अंगावर जुने कपडे हवेत. थेंब उडाला की सुती कपड्यावर गंजासारखा डाग पडतो आणि निघत नाही. फरशीचंही तसंच. हलक्या रंगाची फरशी असेल तर प्लॅस्टिक दुहेरी घाला. आणि हिराकस प्रमाणाबाहेर टाकू नका. जास्त लोहानं कापड काही काळानं विरतं. वहीच्या कव्हराला चालून जातं, आईच्या जुन्या साडीवर हा प्रयोग करू नका.

सावलीत तासभर वाळू द्या, मग भरपूर पाण्यात, बादली बदलत, हलक्या हातानं धुवा. पहिलं पाणी काळपट येतं. एकमेकींची कापडं एका बादलीत कोंबू नका. एकीचा काळा दुसरीच्या पिवळ्यावर बसतो. रात्री दोरीवर.

हळदीचा एक किस्सा सांगते. एकदा एकीच्या कोऱ्या कापडावर जेवताना पिठल्याचा थेंब सांडला. तिनं घाईनं साबण लावला आणि पिवळा डाग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लाल झाला. हळदीला साबण, सोडा लागला की ती लालच होते. उन्हात ठेवलं की डाग फिकट होत जातो. पण तेव्हापासून जेवणं होईपर्यंत कापडं बाहेर निघत नाहीत.

७. संध्याकाळ : सगळ्यांची एक गोधडी

संध्याकाळी काही 'शिकवू' नका. दिवसभर नवं शिकून डोकं भरलेलं असतं. पण हात रिकामे राहिले की फोन बाहेर येतात. आम्ही एक गोधडी सुरू केली आहे. प्रत्येकीनं घरून एक जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी किंवा लुगडं आणायचं. खाली एक, मध्ये दोन, वर एक, कडेनं कच्चे टाके घालून थर पक्के करायचे आणि मग चारी बाजूंनी बसून काठाकडून आत धावदोरा घालत जायचं. टाका तांदळाच्या दाण्याएवढा असावा म्हणतात. आमचे काही ज्वारीएवढे आहेत, काही शेंगदाण्याएवढे. कुणाचा टाका कुठला ते आता बघून ओळखता येतं.

एका संध्याकाळी वीतभर सरकते. संपवायची घाई नाही. रविवारचं 'पूर्ण झालंच पाहिजे' हे बंधन गोधडीला लागू नाही, म्हणूनच ती संध्याकाळची.

फक्त एक सांभाळा : सुया मोजून द्या आणि मोजून परत घ्या. गादीवर राहिलेली सुई दुसऱ्या कुणाच्या तरी पायात जाते.

८. रविवार सकाळ : वही

साडेआठला बसा, अकराला वही हातात येते.

कापड पाठीमागून कार्डशीटला चिकटवायचं. त्यासाठी मैद्याची खळ : एक भाग मैदा, पाच भाग पाणी, गुठळ्या मोडून मंद आचेवर चकाकी येईपर्यंत शिजवायची. पूर्वी बांधणीवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालायचे. ते विषारी आहे, आपल्याला नको. खळ पुठ्ठ्याला लावा, कापडाला नाही, आणि पातळ लावा. जाड लावली की ती विणीतून वर येते आणि कापड चट्टे पडल्यासारखं दिसतं. मधून कडेकडे हात फिरवत हवा काढा. वर्तमानपत्रात घालून त्यावर जड काहीतरी ठेवा. आम्ही गव्हाचा डबा ठेवतो. तासभर. हे सकाळी चहाच्या आधी उरकलं तर पुढचं वेळेवर होतं.

तोवर कागद. आठ कागद एकेक करून मधोमध दुमडा, घडीवरून चमच्याची पाठ फिरवा, मग एकात एक घाला. वहीची उंची २१ सेंटिमीटर झाली. कव्हर त्याहून जरासं मोठं, साधारण २१.५ बाय ३०.५, कापून मधोमध दुमडा.

घडीच्या रेषेवर पाच भोकं : वरून अडीच, साडेसहा, साडेदहा, साडेचौदा आणि साडेअठरा सेंटिमीटरवर. एका पट्टीवर या खुणा करून तीच सगळीकडे फिरवा, प्रत्येकीला मोजायला लावू नका. कागद आणि कव्हर एकत्र धरून, खाली खोकं घेऊन, आरीनं टोचा. आरी सरळ, वहीच्या पोटातून पाठीकडे.

दोरा वहीच्या उंचीच्या तिप्पट. मेणबत्तीवरून दोनदा ओढून घ्या, गुंता होत नाही. वरून भोकांना एक ते पाच आकडे द्या. सुरुवात आतून : तीनमधून बाहेर, दोनमधून आत, एकमधून बाहेर, पुन्हा दोनमधून आत, मग तीन सोडून थेट चारमधून बाहेर, पाचमधून आत, चारमधून बाहेर, आणि शेवटी तीनमधून आत. आता आत मधोमध एक लांब टाका दिसेल. दोऱ्याची दोन टोकं त्याच्या दोन बाजूंना घ्या, ओढून ताणा, त्याच्यावर गाठ मारा.

दोरा ओढताना घडीच्या दिशेनं, वहीला समांतर ओढायचा. आपल्याकडे, वर ओढला की कागद फाटतो. दर वेळी एकीचा तरी फाटतो. म्हणून सामान दहांचं.

शेवटी बाहेर आलेल्या कडा स्टीलच्या पट्टीवर कटरनं सरळ करा. एका जोरदार फटक्यात कापायला जाऊ नका, हलक्या हातानं पाच-सहा वेळा फिरवा.

९. शिकवताना सांभाळायच्या गोष्टी

समोर बसून दाखवू नका, शेजारी बसा. समोरून बघताना डावं-उजवं उलटं होतं आणि दोन नंबरचं भोक कुठलं यावरच दहा मिनिटं जातात. डावखुरी कुणी असेल तर फक्त तिच्या समोर बसा, आरशासारखं बरोबर जमतं.

प्रत्येक पायरीवर थांबलेला एकेक नमुना घरून करून न्या : दुमडलेले कागद, टोचलेली घडी, अर्धी शिवलेली वही, पूर्ण वही. हे चार नमुने मध्ये ठेवले की निम्मे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

मैत्रिणीच्या हातातून काम काढून घेऊ नका. हे सगळ्यात अवघड आहे, कारण मैत्री जुनी असते आणि 'आण इकडे, करून देते' हे तोंडातून निघून जातं. करून दिलेली वही तिची राहत नाही. मी स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसते, खरंच.

एखादी भराभर पुढे जाते. तिला दुसरी, छोटी वही द्या. मदतनीस करू नका. भराभर शिकणाऱ्या बायका मदत करायला लागल्या की त्याही करूनच देतात.

आणि 'किती छान!' असं सगळ्यांना सरसकट म्हणत सुटू नका. कुणाचा टाका सैल आहे ते सांगा, सोडून परत घालायला लावा. वीस-पंचवीस वर्षांच्या मैत्रीला तेवढं सोसतं.

१०. कारागिराला बोलवायचं असेल तर

काही कला आपण मैत्रिणींनी एकमेकींना शिकवायच्या नसतात, असं माझं मत झालं आहे. पहिल्या वर्षी आम्ही गेरू लावून त्यावर त्रिकोणी माणसं काढली आणि त्याला वारली म्हटलं. पुढे पालघरकडच्या एका वारली चित्रकाराला काम करताना बघितलं, तांदळाच्या पिठात बुडवलेली काडी, लग्नाचा चौक, त्यातल्या प्रत्येक खुणेला अर्थ, तेव्हा आपलं किती वरवरचं होतं ते कळलं. जिव्या सोमा म्हशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणून जगभर नेली, २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या परंपरेतली माणसं आज शिकवायला येतात. त्यांना बोलवा.

बोलावलंत तर ठरलेलं मानधन, येण्याजाण्याचा खर्च, राहणं आणि जेवण द्या, आणि रक्कम आधी स्पष्ट बोला. 'तुमचीही ओळख होईल' हे वाक्य मानधनाऐवजी वापरू नका. त्या वर्षी दोन्ही दिवस त्यांनाच द्या. वही, गोधडी सगळं घरी ठेवा. त्यांनी आणलेल्या चित्रांवर घासाघीस करू नका.

११. जेवण आणि हिशेब

स्वयंपाक आपण करायचा नाही. 'मिळून करू, मजा येईल' असं म्हणणारीच शेवटी एकटी ओट्यापाशी असते. बहुतेक होमस्टेमध्ये गावातल्या कुणीतरी मावशी जेवण करून देतात. पिठलं, भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा असं साधं आधीच सांगून ठेवा. कामाच्या वेळी खायला शेंगदाणे, चिक्की, संत्री. भजी आणि चिवडा काम संपल्यावर. तेलकट बोटांचे ठसे कागदावर कायमचे राहतात.

पैसे सगळे आधी गोळा करा, राहणं-जेवण एक रक्कम आणि सामान वेगळी रक्कम. सामानाचे वह्यांमागे फार पडत नाहीत. शिकवणारीकडून सामानाचे पैसे घ्यायचे नाहीत, एवढा मान ठेवा. पेट्रोल आणि टोल ज्या गाडीचा त्या गाडीत.

निघताना उरलेलं हिराकसाचं पाणी तुळशीवृंदावनात किंवा विहिरीकडे ओतू नका. बरणीला घट्ट झाकण लावून घरी आणा, पुढच्या तुकड्यावर वापरा. दोरी, चिमटे, आऱ्या मोजून भरा. ओसरीचे चारी कोपरे एकदा हाताने चाचपा, सुईसाठी. गोधडी ज्या मैत्रिणीच्या घरी वर्षभर राहणार तिच्या डिकीत सगळ्यात वर ठेवा, आणि तिला बजावून सांगा की वर्षभरात एकटीनं टाके घालायचे नाहीत. गेल्या वर्षी माझ्याकडे होती. मी घातले, आणि पहिल्याच संध्याकाळी ओळखले गेले.